आट्यांचा करार आणि तोफेचा मोह : मँचेस्टरच्या व्हिटवर्थ कारखान्याचे प्रकरण

१८३३ साली मँचेस्टरच्या पोर्ट स्ट्रीटवर तिशीला टेकलेल्या एका कारागिराने एक खोली भाड्याने घेतली. भाड्यात खोलीबरोबर इमारतीतल्या वाफेच्या इंजिनाची शक्तीही मिळत होती. दारावर पाटी लागली : 'जोसेफ व्हिटवर्थ, हत्यारे बनवणारा, लंडनहून आलेला'. पुढच्या वीस वर्षांत या खोलीचा असा कारखाना झाला की इंग्लंडमध्ये लेथ, प्लेनर किंवा शेपर, म्हणजे धातू कापून आकार देणारे यंत्र, घ्यायचे म्हटले की पहिले नाव त्याचेच निघे. आणखी चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी, १८९७ मध्ये, तो न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँग कंपनीत विलीन झाला. तेव्हा लोक त्याला प्रामुख्याने तोफा आणि पोलाद यांसाठी ओळखत होते. यंत्रे घडवणारी यंत्रे बनवण्यात जगात पहिला असलेला कारखाना त्या जागेवरून कसा सरकला, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. माझ्या मते त्याचे उत्तर १८५४ च्या एका निर्णयात सापडते. पण तो निर्णय समजायचा तर आधी या कारखान्याने काय कमावले होते ते नीट पाहिले पाहिजे.

व्हिटवर्थचा जन्म १८०३ चा, स्टॉकपोर्टचा. वडील शिक्षक, पुढे धर्मोपदेशक झाले. चौदाव्या वर्षी त्याला डर्बिशायरमधल्या मामाच्या सूतगिरणीत पाठवले. व्यवसाय शिकून भागीदार व्हावे अशी योजना होती, पण त्याचे लक्ष सुतापेक्षा यंत्रांकडे. १८२१ मध्ये तो तिथून निघाला आणि मँचेस्टरला साधा मेकॅनिक म्हणून कामाला लागला. १८२५ मध्ये लग्न करून लंडन गाठले आणि तिथे एकापेक्षा एक तीन कारखान्यांत काम केले : हेन्री मॉड्स्ले, होल्टझॅफेल आणि जोसेफ क्लेमेंट. क्लेमेंटकडे तेव्हा चार्ल्स बॅबेजच्या गणकयंत्राचे भाग बनत होते. इतके सूक्ष्म काम त्या काळी क्वचितच कुठे चालले असेल. बॅबेज आणि क्लेमेंट यांचे बिनसले आणि १८३३ मध्ये ते काम थांबले. त्याच वर्षी व्हिटवर्थ मँचेस्टरला परतला. पाटीवरचे 'लंडनहून' हे या शिक्षणाचे प्रमाणपत्र होते, आणि मँचेस्टरच्या गिरणीमालकांना ते वाचता येत होते.

सपाट म्हणजे किती सपाट

त्या काळच्या कारखान्यात बिडाचा ओतीव भाग सपाट करायचा तर छिन्नी आणि कानस हीच साधने. चांगला फिटर दिवसभर ठोकून-घासून जे करी ते त्याच्या हाताच्या कसबावर अवलंबून असे, आणि दुसऱ्या फिटरचा भाग त्यावर नेमका बसेलच अशी खात्री नसे. १८५६ मध्ये यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेचा अध्यक्ष म्हणून बोलताना व्हिटवर्थने एक आकडा दिला होता. तीस वर्षांपूर्वी हाताने एक चौरस फूट बीड सपाट करायला १२ शिलिंग मजुरी पडे, आता प्लेनरवर, म्हणजे पृष्ठभाग सपाट कापणाऱ्या यंत्रावर, तेच काम एका पेनीपेक्षा कमी मजुरीत होते. १२ शिलिंग म्हणजे १४४ पेनी. हा फरक घडवणारी यंत्रे विकूनच त्याचा कारखाना मोठा झाला होता.

पण प्लेनर स्वतः सरळ असेल तरच त्याच्यावरचा भाग सरळ निघणार. मग प्लेनरचे मार्ग कशावर तपासायचे? यासाठी सरफेस प्लेट, म्हणजे तपासणीसाठीची अगदी सपाट प्लेट, लागते, आणि पहिली प्लेट तपासायला दुसरी काही नसते. व्हिटवर्थची पद्धत तीन प्लेटांची होती. दोनच प्लेटा एकमेकींवर जुळवल्या तर एक किंचित फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट होऊनही त्या चपखल बसतात, आणि चूक लपून राहते. तिसरी प्लेट दोघींशी आळीपाळीने जुळवली की ती उघडी पडते, कारण तिन्ही एकमेकींशी जुळायच्या तर तिन्ही सपाटच असाव्या लागतात. प्लेटेला पातळ रंग लावायचा, दुसरी त्यावर फिरवायची, जिथे रंग उमटेल तो उंचवटा, तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आधीची रीत दोन प्लेटा मध्ये एमरीची भुकटी घालून घासण्याची होती. त्यात भुकटी जिथे साचेल तिथे धातू जास्त झिजे. घासणे सोडा आणि खरवडा, हे त्याने १८४० मध्ये ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या ग्लासगोच्या अधिवेशनात मांडले.

याचे सारे श्रेय त्याला देता येत नाही. मॉड्स्लेच्या कारखान्यात फिटरच्या टेबलावर सरफेस प्लेट असे आणि ती अचूक असावी असा मालकाचा आग्रह असे, हे तिथे काम केलेल्या जेम्स नॅस्मिथनेच नोंदवले आहे. व्हिटवर्थने ती घरगुती विद्या चारचौघांत मांडली, तिची कृती सांगितली आणि तिच्यावर आधारलेली यंत्रे बाजारात आणली. माझ्या दृष्टीने हे कामही मोलाचेच आहे. आजही आपल्या आयटीआयमधला फिटर निळा रंग लावून स्क्रेपिंग शिकतो, ती हीच रीत.

मापाबाबत त्याचा हट्ट आणखी पुढचा होता. डोळ्यापेक्षा स्पर्श जास्त विश्वासू, असे तो म्हणे. पट्टीवरच्या दोन रेघांमधले अंतर डोळ्याने वाचण्याऐवजी दोन सपाट टोकांमध्ये धातूची कांडी धरायची. त्याच्या मापनयंत्रात इंचाला २० आटे असलेला स्क्रू होता, त्यावर २०० दात्यांचे चाक आणि त्याला फिरवणाऱ्या वर्मच्या (स्क्रूसारख्या दांड्याच्या) चाकावर २५० भाग. २० गुणिले २०० गुणिले २५० म्हणजे दहा लाख. चाक एक भाग फिरले की टोक इंचाच्या दहालक्षांशाने सरके. कांडी आणि यंत्राचे टोक यांच्यामध्ये एक लहानशी सपाट पोलादी चकती ठेवत. पकड पुरेशी असली की ती टांगून राही, एक भाग मागे फिरवला की खाली पडे. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात लोकांनी हे पाहिले आणि यंत्रहत्यारांच्या विभागात व्हिटवर्थला सर्वोच्च पदक मिळाले. कारखान्यात रोज दहालक्षांश कुणाला लागत नव्हता. पण इंचाच्या हजारांशाची भाषा फिटरच्या तोंडी रुळली, त्यात या कारखान्याच्या प्लग आणि रिंग गेजांचा, म्हणजे छिद्राचे आणि दांड्याचे माप तपासणाऱ्या साधनांचा, वाटा मोठा आहे. त्याआधी 'सोळांशापेक्षा जरा कमी', 'बत्तिसांशापेक्षा जरा भरून' असा व्यवहार चाले.

यंत्रांची घडणही त्याने बदलली. जुनी यंत्रे नक्षीदार, बारीक खांबांची, काम चालू असताना थरथरणारी. व्हिटवर्थने पोकळ, पेटीसारखे भक्कम बिडाचे सांगाडे ओतले. त्यात वजन योग्य जागी आणि अंगावर नक्षी शून्य. शेपरचे हत्यार कापताना हळू जाते आणि परतताना झपकन येते, ती त्याची क्विक रिटर्न यंत्रणा पॉलिटेक्निकच्या प्रत्येक विद्यार्थ्याने प्रयोगवहीत काढलेली असते. मधल्या काळात त्याने विणकामाचे यंत्र केले, घोड्याने ओढायचे रस्ते झाडण्याचे यंत्रही केले, आणि त्या यंत्राने मँचेस्टरचे रस्ते झाडले गेले.

कायद्याशिवाय झालेले प्रमाण

आता या प्रकरणातला सर्वात समृद्ध भाग, आट्यांचा.

१८४० च्या सुमारास इंग्लंडमधला प्रत्येक कारखाना आपापले आटे पाडी. अर्ध्या इंची बोल्टला एकाकडे इंचात १२ आटे, दुसऱ्याकडे वेगळेच. कोन वेगळा, खोली वेगळी. यंत्र दुरुस्तीला आले की नटबोल्ट नवे बनवायचे, कारण बाजारातला नट त्यावर बसणार नाही. रेल्वे पसरू लागली तशी ही डोकेदुखी देशभर झाली. इंजिन एका गावात बनणार, दुसऱ्या गावच्या शेडमध्ये बिघडणार आणि तिथल्या टॅप-डायचा, म्हणजे आटे पाडणाऱ्या हत्यारांचा, त्याच्या आट्यांशी काही संबंध नसणार.

१८४१ मध्ये व्हिटवर्थने स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे एक निबंध वाचला. त्याने इंग्लंडमधल्या मोठ्या कारखान्यांचे स्क्रू गोळा केले होते, मोजले होते आणि सरासरी काढली होती. आट्यांचा कोन ५५ अंश. शिखर आणि तळ दोन्ही गोलाकार, प्रत्येकी खोलीचा सहावा भाग गोल केलेला. आणि प्रत्येक व्यासाला इंचात किती आटे हे ठरलेले : पाव इंचाला २०, तीन अष्टमांशाला १६, अर्ध्या इंचाला १२, पाऊण इंचाला १०, एक इंचाला ८.

सर्वोत्तम आटा कोणता हे गणिताने सिद्ध करत तो बसला नाही. ताकद, झीज आणि घट्टपणा यांची गरज प्रत्येक कामात वेगळी असते, म्हणून एकच उत्तर निघणार नाही, हे त्याने मान्य केले होते. त्याने चालू प्रथांचा मध्य पकडला. सरासरी असल्यामुळे कुणालाच फार लांब सरकावे लागणार नव्हते आणि एका कारखान्याने दुसऱ्यापुढे मान तुकवली असेही दिसणार नव्हते. मला हा त्याच्या आयुष्यातला सर्वात शहाणा निर्णय वाटतो. अभियंत्याने इथे माणसांचा स्वभावही हिशेबात धरला.

दुसरी गोष्ट म्हणजे तो निबंध वाचून थांबला नाही. त्याच्या कारखान्यातून त्या आट्यांचे टॅप, डाय आणि गेज विकले जात होते. ज्याने व्हिटवर्थचा टॅप घेतला त्याने त्याचे प्रमाणही घेतले, वेगळा निर्णय करण्याची गरजच नव्हती. रेल्वेच्या कारखान्यांनी ते उचलले आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांना माल पुरवणाऱ्यांनी. १८५० चे दशक संपेपर्यंत इंग्लंडमध्ये ते सर्वसाधारण झाले होते. संसदेचा कायदा नाही, सरकारी हुकूम नाही. एका खाजगी कारखान्याच्या मालातून एका देशाचे प्रमाण तयार झाले.

त्याचा कस क्रिमियाच्या युद्धात लागला. आरमाराला घाईने गनबोटी हव्या होत्या आणि त्यांच्यासाठी ६० अश्वशक्तीची इंजिने. जॉन पेन यांच्या कारखान्याने नमुन्याचे इंजिन सुटे केले, त्याचे भाग देशातल्या वेगवेगळ्या कारखान्यांना वाटले आणि परत आलेले भाग जोडून ९० दिवसांत ९० इंजिने उभी केली, असे सांगितले जाते. आटे आणि गेज एकच नसते तर असे काम वाटून देण्याचा विचारही कुणाच्या मनात आला नसता.

१८५४ : सरकारने मागितले काय, त्याने दिले काय

१८५३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासाठी ब्रिटिश सरकारने पाठवलेल्या आयुक्तांत व्हिटवर्थ होता. प्रदर्शन वेळेवर तयार नव्हते, म्हणून त्याने अमेरिकेतले कारखाने फिरून पाहिले. स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत बंदुकीचे लाकडी दस्ते एकापाठोपाठ एक यंत्रांवरून तयार होऊन येताना त्याने पाहिले. मजूर महाग आणि कमी, म्हणून तिथे यंत्राला इतके महत्त्व, हे त्याने आपल्या अहवालात स्वच्छ लिहिले.

परतल्यावर सरकारने त्याला विचारले : सैन्याच्या एनफील्ड रायफली मोठ्या संख्येने बनवण्यासाठी लागणारी यंत्रे तू करून देशील का, आणि खर्च किती येईल? देशातल्या पहिल्या यंत्रहत्यार निर्मात्याकडे आलेले हे त्याच्याच धंद्यातले काम. सुटे भाग परस्परांत बदलता येतील अशा उत्पादनाची संपूर्ण साखळी ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर उभी राहणार होती.

व्हिटवर्थने उलट सांगितले की रायफलच्या नळीचे शास्त्र अजून कुणाला नीट कळलेले नाही, आधी प्रयोग करू, मग यंत्रे. सरकारने खर्च दिला. फॅलोफील्डमधल्या त्याच्या घराच्या आवारात ५०० यार्ड लांबीचे छप्परबंद निशाणक्षेत्र उभे राहिले. एका वादळात ते कोसळले, पुन्हा बांधले आणि १८५५ मध्ये प्रयोग सुरू झाले.

यातून निघालेली रायफल विलक्षण होती. षट्कोनी नळी, ०.४५१ इंचाची, दर २० इंचांत एक पूर्ण वळसा, आणि त्या षट्कोनात यांत्रिकपणे बसणारी लांबट गोळी. १८५७ मध्ये हाइदच्या चाचणीत ५०० यार्डांवर तिच्या गोळ्यांचे सरासरी विचलन ०.३७ फूट आले, एनफील्डचे २.२४ फूट. १४०० यार्डांवर एनफील्डला निशाणच गाठता आले नाही. जुलै १८६० मध्ये विंबल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचे उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने स्टँडवर बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलीची रेशमी दोरी ओढून केले. ४०० यार्डांवर गोळी मध्यबिंदूपासून जेमतेम सव्वा इंचावर लागली.

तरीही सैन्याने तिला आपली मुख्य रायफल केले नाही. नळी अरुंद, काळ्या दारूची काजळी धरून ती लवकर तुंबे आणि किंमत एनफील्डच्या कितीतरी पट. अमेरिकन यादवीत दक्षिणेच्या निवडक नेमबाजांनी ती वापरली. मोजक्या जणांच्या हाती ती भयंकर ठरली, पण लाखभर शिपायांसाठी ती नव्हती. यामागे व्हिटवर्थचा एक दृष्टिदोष मला दिसतो. आट्यांच्या वेळी त्याने सर्वांना जमेल असा मध्य शोधला होता. रायफलीच्या वेळी त्याने असे काही मागितले जे त्याच्या स्वतःच्या कारखान्याइतकी अचूकता असलेल्यालाच जमेल.

आणि दरम्यान यंत्रे? ती अमेरिकेतून आली. एनफील्डच्या सरकारी कारखान्यासाठी मॅसॅच्युसेट्सच्या एम्स आणि व्हरमाँटच्या रॉबिन्स अँड लॉरेन्स या कंपन्यांकडून यंत्रे घेतली गेली. फिरत्या कटरची मिलिंग यंत्रे, काम जागच्या जागी धरणारी जिग आणि फिक्स्चर, गेजांचे संच यांचे ते नवे ज्ञान इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या पलीकडे रुजले. १८५६ मध्ये लीड्सला ग्रीनवुड अँड बॅटली स्थापन झाली आणि शस्त्रनिर्मितीच्या यंत्रांचा व्यवसाय तिने मिळवला. व्हिटवर्थकडे चालून आलेले काम दुसऱ्यांनी केले. माझ्या वाचनात या कारखान्याची दिशा बदलली ती इथे.

तोफ, पोलाद आणि विलीनीकरण

रायफलीवरून तोफेपर्यंत जायला वेळ लागला नाही. १८६० मध्ये व्हिटवर्थ रायफल कंपनी, १८६२ मध्ये तिच्या जागी मँचेस्टर ऑर्डनन्स अँड रायफल कंपनी. सरकारने १८५९ मध्येच विल्यम आर्मस्ट्राँगला तोफांच्या कामावर नेमले होते. आर्मस्ट्राँगची तोफ की व्हिटवर्थची, या वादाने वृत्तपत्रांचे आणि समित्यांचे रकाने वर्षानुवर्षे भरले. व्हिटवर्थच्या तोफा लांब आणि अचूक मारा करत, पण निर्णायक सरकारी पसंती त्यांना मिळाली नाही.

तोफा फुटू नयेत म्हणून तो पोलादाच्या मागे लागला. ओतलेल्या पोलादात थंड होताना वायूचे बुडबुडे अडकतात आणि पोकळ्या राहतात. पोलाद द्रवरूप असतानाच त्यावर हायड्रॉलिक प्रेसचा प्रचंड दाब द्यायचा, ही त्याची पद्धत. त्यातून तोफांच्या नळ्या आणि जहाजांच्या पंख्यांचे पोकळ शाफ्ट बनले. १८८० च्या दशकात अमेरिकेतल्या बेथलेहेम आयर्न कंपनीने अवजड फोर्जिंगचा, म्हणजे पोलाद दाबून-ठोकून घडवण्याचा, कारखाना उभारताना त्याची सामग्री आणि तंत्र व्हिटवर्थकडून घेतले. हे काम मोठेच होते, यात शंका नाही.

पण पोलादाकडे गेलेले मालकाचे लक्ष लेथकडून गेले होते. त्याच काळात अमेरिकेत ब्राउन अँड शार्पचे युनिव्हर्सल मिलिंग यंत्र १८६२ मध्ये आले. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने व्हिटवर्थच्या आट्यांनाच उघड आव्हान दिले. ५५ अंश मोजायला अवघड आणि गोल शिखर पाडायला कटाव करणारी तीन तऱ्हेची हत्यारे आणि दोन तऱ्हेचे लेथ लागतात, ६० अंशाचा सपाट शिखराचा आटा साधा कारागीरही करू शकतो, असा त्याचा मुद्दा होता. अमेरिकेने सेलर्सचे ऐकले. सर्वांना जमेल असे प्रमाण, हा व्हिटवर्थचा १८४१ चा विचार त्याच्याविरुद्ध वापरला गेला होता, आणि त्याला मँचेस्टरकडून उत्तर आले नाही.

१८७४ मध्ये कारखान्याची मर्यादित कंपनी झाली. ९२ टक्के भाग व्हिटवर्थ, त्याचे फोरमन आणि जवळचे सहकारी अशा २३ जणांकडे राहिले. उरलेले कामगारांसाठी, प्रत्येकी २५ पौंडांचे. त्या काळच्या मानाने हे पाऊल पुढारलेले होते. त्याआधी १८६८ मध्ये त्याने यांत्रिक शिक्षणासाठी वर्षाला ३,००० पौंडांच्या शिष्यवृत्त्या ठेवल्या होत्या, त्या कारागिरांच्या पोरांनाही खुल्या होत्या. १८८० मध्ये कारखाना चोर्लटन स्ट्रीटवरून ओपनशॉला हलला. जागा मोठी, भट्ट्या मोठ्या, प्रेस मोठे. ती रचना अवजड पोलादकामाची होती. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लोला व्हिटवर्थ वारला. मूलबाळ नव्हते, संपत्ती विश्वस्तांमार्फत मँचेस्टरच्या शिक्षणसंस्था, रुग्णालय आणि कलादालनाकडे गेली. मालकाच्या मनातून निघालेल्या या कारखान्यात त्याच्यामागे त्या तोलाचा कुणी नव्हता. दहा वर्षांत जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या कंपनीने तो घेतला आणि 'आर्मस्ट्राँग, व्हिटवर्थ' हे जोडनाव रूढ झाले. १९२७ मध्ये व्हिकर्सबरोबर आणखी एक विलीनीकरण झाले.

आटे मात्र कारखान्यापेक्षा जास्त टिकले. ब्रिटिश अमलाखालच्या सगळ्या रेल्वे वर्कशॉपांत, गिरण्यांत आणि बंदरांत ते गेले. आपल्याकडे जुन्या मिस्त्रींच्या पेटीत व्हिटवर्थचे पाने असायचे, आणि 'चार सुती' म्हणजे अर्ध्या इंची बोल्ट म्हटले की इंचाला १२ आटे हे त्यांना पाठ असायचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सामग्रीचे नटबोल्ट जुळेनात, तेव्हा १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाने ६० अंशांचा समान आटा मान्य केला. १९६५ मध्ये ब्रिटिश मानक संस्थेने नव्या कामासाठी व्हिटवर्थचे आटे टाळून मेट्रिक वापरायला सांगितले. नळकामात तसे झाले नाही. आपल्याकडे पाण्याच्या पाइपांचे आटे आजही व्हिटवर्थच्या घडणीचे आणि ५५ अंशांचेच आहेत. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ७ मध्ये आणि भारतीय मानक आयएस ५५४ मध्ये हाच कोन दिलेला आहे.